इंग्रजी भाषेंतील निष्ठेचे शब्द

निष्ठा आणि धीर हे मनाचे गुण होत. परंतु भाषा त्यांना जीं नांवें देते, तीं बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवरूनच घेते. इंग्रजींतील ‘ट्रू’ हा शब्द आज मुख्यतः ‘खरा’ या अर्थानें वापरला जातो. त्याचा जुना अर्थ मात्र ‘इमानी’ असा होता. आणि वृक्षवाचक ‘ट्री’ या शब्दाशीं त्याचें नातें असावें, असें पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. या ‘ट्री’चा संस्कृतांतील सोयरा म्हणजे ‘दारु’, आपल्या देवदारांतील दारु. झाडाप्रमाणें जो घट्ट उभा राहतो तो इमानी, अशी ही कल्पना आहे.

‘स्टेडफास्ट’ या शब्दांत ती अधिकच उघड दिसते. ‘स्टेड’ म्हणजे जागा आणि ‘फास्ट’ म्हणजे पक्का रोंवलेला. इ. स. ९९१ मध्यें एसेक्स प्रांतांत माल्डन येथें समुद्रमार्गें आलेल्या व्हायकिंगांशीं लढतांना सरदार बिर्टनॉथ पडला. कांहींनीं पळ काढला. बाकीचे मेलेल्या धन्यासाठीं लढत राहिले. या लढाईवरील जुन्या काव्यांत रणांत उभ्या राहिलेल्या योद्ध्यांना हेंच विशेषण लाविलेलें आढळतें.

१०६६ मध्यें नॉर्मन विजेते आले आणि त्यांच्यासवें फ्रेंच भाषा आली. १०८६ मध्यें राजा विल्यमनें सॉल्सबरी येथें बडे जमीनधारक एकत्र बोलाविले आणि त्यांचा निकटचा धनी कोणीहि असो, राजाशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ त्यांस घ्यावयास लाविली. अशा निष्ठेस पुढें इंग्रजींत ‘फील्टी’ हें नांव मिळालें. विश्वासवाचक लॅटिन ‘फिडेस’ हें त्याचें मूळ, आणि ‘फेथ’चेंहि तेंच. ‘लॉयल’ तर ‘लीगल’चा सख्खा भाऊ. दोन्ही शब्द ‘कायद्यासंबंधीं’ अशा अर्थाच्या ‘लेगालिस’ या लॅटिन शब्दापासून निघाले. निष्ठेचा आधार आतां केवळ माणसाचा निर्धार उरला नाहीं. कायदा तिचा साक्षी झाला.

जुन्या कल्पनेचा मागमूस ‘ट्रुथ’ या शब्दांत राहिला. ‘ट्रुथ’ आणि ‘ट्रोथ’ हीं एकाच शब्दाचीं दोन रूपें. अर्थ, दिलेला शब्द पाळणें. वाङ्‌निश्चयाला इंग्रजींत ‘बिट्रोथल’ म्हणतात तें यावरूनच. चौदाव्या शतकांत मात्र ‘वस्तुस्थितीशीं जुळणारें तें सत्य’ हा अर्थ बळावूं लागला. त्याच शतकांत दिलेल्या शब्दाची कसोटी पाहणारा एक प्रसंग घडला.

१३८१ मध्यें डोईपट्टी आणि भूदासपद यांस कंटाळलेले शेतकरी उठले. ते स्वतःस ‘ट्रू कॉमन्स’, म्हणजे राजाची इमानी प्रजा, म्हणवीत. जमीनदारांचीं दप्तरें त्यांनीं अनेक ठिकाणीं जाळलीं, कारण त्यांचें दास्य त्या दप्तरांत लिहिलेलें होतें. १४ जून रोजीं लंडनजवळ माइल एंड येथें चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड त्यांस भेटला. त्यानें मुक्ततेचें वचन दिलें, सनदाहि लिहून दिल्या. पुष्कळ लोक त्या घेऊन समाधानानें घरीं परतले. २ जुलै रोजीं चेम्सफर्ड येथें राजानें त्या सर्व सनदा रद्द केल्या. तें गांव एसेक्समध्येंच, माल्डनपासून सुमारें दहा मैलांवर आहे.

शेतकऱ्यांच्या वांट्यास उरलें तें सहन करणें. त्यासाठीं इंग्रजींत दोन शब्द आहेत. ‘एन्ड्युअर’चें मूळ ‘कठीण’ या अर्थाचा लॅटिन ‘दूरुस’. सोसतां सोसतां माणूस कठीण होतो. ‘पेशन्स’चें मूळ ‘दुःख सोसणें’. दवाखान्यांतील ‘पेशंट’हि त्यांतलाच. इंग्लंडमधील भूदासपद कोणत्याहि एका कायद्यानें संपलें नाहीं. पुढील दोनएक शतकांत तें हळूहळू झिजून गेलें. सनदा रद्द झाल्या, पण ज्यांनीं त्या हातीं धरल्या होत्या त्यांचे वंशज अखेर मोकळे झाले. राजानें न पाळलेला शब्द काळानें आणि त्यांच्या चिकाटीनें पुरा केला.