नकाशावरची कोरी जागा

भूगोलाच्या तासाला सखल प्रदेश हिरवा, पठार पिवळे आणि डोंगर तपकिरी रंगवायचा, हे आपल्या सर्वांच्या हाताला अजून पाठ असेल. पांढरा राहिलेला भाग म्हणजे रंगवायचा राहिलेला, आणि त्याचे गुण जायचे. वैमानिकांच्या नकाशांच्या इतिहासात मात्र या कोऱ्या जागेला मोठा मान आहे.

जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेची बी-२६ बॉम्बफेकी विमाने कॅनडामार्गे अलास्काला निघाली होती. वाटेतल्या डोंगराळ मुलखाचे भरवशाचे नकाशे वैमानिकांकडे नव्हते. वाट चुकलेली तीन विमाने शेवटी एका बर्फाळ दरीत उतरवावी लागली. माणसे वाचली, हे नशीब. त्या जागेला पुढे ‘मिलियन डॉलर व्हॅली’ असे नाव पडले.

युद्धाला साऱ्या जगाचे नकाशे हवे होते, तेही ताबडतोब. जमिनीवरून मोजणी करायची तर कित्येक वर्षे गेली असती. म्हणून विमानात तीन कॅमेरे बसवले गेले: एक सरळ खाली, दोन डावी-उजवीकडे तिरके रोखलेले. तिन्ही एकाच क्षणी फोटो घेत आणि एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचा पट्टा टिपला जाई. या पद्धतीचे नाव ट्रायमेट्रोगॉन. त्या फोटोंवरून दहा लाखांस एक प्रमाणाचे, म्हणजे एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर, असे नकाशे झपाट्याने तयार होऊ लागले. नद्या, तळी, किनारे छान उतरले. उंची मात्र तिरक्या फोटोंतून नेमकी निघत नसे. आणि वैमानिकाला तर आधी उंचीच हवी!

पुढे नकाशाकारांनी जे केले ते मला सगळ्यात आवडते. दुर्गम भागांच्या अशा नकाशांवर समोच्च रेषा मध्येच थांबतात आणि मोकळ्या जागेत छापलेले असते, ‘उंचीची माहिती अपूर्ण’. कधी पुढे हेही, की इथली उंची अमुक फुटांहून अधिक नसावी असे मानले जाते. ‘नसावी’! सरकारी कागदावर इतके नम्र क्रियापद क्वचितच सापडेल. अंदाजाने रेषा जोडून नकाशा पूर्ण दाखवणे सोपे होते. पण ढगात शिरलेल्या वैमानिकाला खरी रेषा कोणती आणि अंदाजाची कोणती, हे कसे कळणार? कोरी जागा दिसली की तो निदान आणखी वर चढतो.

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन मोजली. तरीही हिमालयाच्या उभ्या कड्यांआड, रडारच्या सावलीत, भोके राहिलीच. तिथे शून्य भरून चालणार नव्हते, कारण शून्य म्हणजे समुद्रसपाटी. म्हणून तिथे उणे ३२,७६८ हा आकडा घातला गेला. १६ बिटांत मावणारी ही सर्वांत लहान संख्या, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या चांगल्या ओळखीची. एखाद्या प्रोग्रॅममध्ये ती तपासायची राहून गेली, तर पडद्यावर ऐन हिमालयात बत्तीस किलोमीटर खोल विहीर दिसते, आणि ती कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.