अभिनय शिकवता येतो का? तालीम मास्तरांपासून 'सामना'पर्यंत

आजचा एपिसोड एका मित्रामुळे. तो माझ्याच टीममध्ये कोड लिहितो. परवा टपरीवर चहा पिताना म्हणाला, "नोकरी सोडून अभिनयाचा कोर्स करू का? की हे शिकवून येतच नाही?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून जरा मागे जाऊन बघितलं.

साल १८४३, सांगली. विष्णुदास भावे 'सीतास्वयंवर' करतात. पदं सूत्रधार म्हणणार आणि नट आपली भाषणं ऐनवेळी, स्वतःच्या मनाने करणार. लिहिलेले संवादच नाहीत! म्हणजे जे काय शिकायचं, ते लोकांसमोर उभं राहून.

१८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. आता संवाद लिहिलेले आणि पदं नट स्वतः गाणार. मग कुठे थांबायचं, शब्द कसा टाकायचा, हे बसवून घेणारा माणूस लागला. तो तालीम मास्तर. यातलं मोठं नाव म्हणजे 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल. १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले. गळा त्यांचा आधीपासूनच गोड होता. अभिनयाची तालीम देवलांनी दिली. पण गंमत बघा, ही काही शाळा नव्हती. तालीम आणि प्रयोग एकाच कंपनीत. शिकलेलं लगेच प्रेक्षकांसमोर तपासलं जायचं.

आता 'सामना' आठवा. १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवात गेलेला सिनेमा. समोरासमोर श्रीराम लागू आणि निळू फुले. अभिनयाची पदवी दोघांकडेही नाही. लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुण्यात भालबा केळकरांसोबत हौशी नाटकं करत घडले. फुले माळीकाम करायचे. सेवा दलाच्या कलापथकात आणि लोकनाट्यात तयार झाले. पण म्हणून दोघं 'आपोआप' शिकले असं नाही. दोघांच्याही आजूबाजूला बघणारी, चुका दाखवणारी मंडळी होती.

मला वाटतं, खरं उत्तर इथेच आहे. आवाज, श्वास, उभं राहणं शिकवता येतं. सिंटॅक्स शिकवतात तसंच. पण रात्री दोनला सर्व्हर पडल्यावर काय करायचं, ते कुठल्या वर्गात कळतं? आणि नुसता अनुभवही पुरत नाही. चूक दाखवणारं कुणी नसेल, तर तीच चूक शंभर प्रयोगांत पक्की होते.

मित्राला म्हटलं, राजीनामा थांबव. आधी एखाद्या ग्रुपमध्ये जा, पडेल ते काम कर, प्रयोग कर. तो म्हणाला, "आणि वय निघून गेलं तर?"

लागूंनी डॉक्टरकी सोडली १९६९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. अर्थात, प्रत्येकाचा लागू होत नाही, हेही त्याला सांगितलं.

शनिवारी तो पहिल्या तालमीला गेला. झाडू मारायला लावला म्हणे. खूश होता!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.