पुढच्या चाकाने किती हलावे?

काळ्या मातीच्या मुलखात 'चाकोरी' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात बैलगाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावा पांधणीच्या चिखलात रुततात आणि दोन समांतर चर पडतात. दिवाळीनंतर तीच माती वाळून विटेसारखी घट्ट होते. मग पुढच्या पावसापर्यंत प्रत्येक वाहनाला त्या चरांतूनच जावे लागते, नाही तर त्यांच्या कडांवर आदळत जावे लागते. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड परिसरात डांबरी रस्ता सोडून शेताकडे वळले की आजही हा अनुभव येतो.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका मेळाव्यासाठी आम्ही रिसोडला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी लोणारचे विवर पाहायला निघालो, ते एका शेतकरी गृहस्थांच्या जुन्या जीपमधून. गाडी चालवायला तेच होते. वाटेत त्यांना शेतावर काही सामान टाकायचे होते, म्हणून दोन-तीन किलोमीटर पांधणीने जावे लागले. तेवढ्या अंतरात आमची डोकी चार वेळा छताला लागली. मुख्य रस्त्यावर आल्यावर वेगळीच तऱ्हा सुरू झाली. वेग जरा वाढला की स्टेअरिंग हातात थरथरू लागे.

"सर, मागच्याच महिन्यात पुढून उचलून घेतली," ते म्हणाले. "एक जाड पाटा टाकला, शॅकल लांब केले. चाक जास्त हलंन, हादरे कमी होतील असं गॅरेजवाला म्हणे. हादरे तर वाढलेच, अन् वरून हे थरथरणं."

चहासाठी थांबलो तेव्हा आम्ही गाडीखाली डोकावून पाहिले. पुढची आस फार वर आली तर ती थेट चौकटीवर आदळू नये म्हणून चौकटीला रबराचा एक ठोकळा असतो. त्या ठोकळ्यावर पावसाळ्यातला चिखल वाळून जसाच्या तसा चिकटलेला होता. म्हणजे मधल्या काळात आस एकदाही तिथवर पोचली नव्हती. आस आणि रबर यांच्यात जागा भरपूर होती. चाक ती वापरत नव्हते.

गाडी उंच करणे आणि चाकाचा वरखाली जाण्याचा पल्ला वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या गॅरेजमध्ये झालेली गल्लत मात्र नवी नाही. पुढच्या चाकाला जास्त पल्ला कसा द्यावा, या प्रश्नाने मोटार बनवणाऱ्यांना बरीच वर्षे छळले आहे.

साध्या बैलगाडीला पल्लाच नसतो. आस थेट साटीखाली बांधलेली असते, त्यामुळे खड्ड्याची खोली जशीच्या तशी बसणाऱ्याच्या कण्यापर्यंत पोचते. पोलादी पाट्यांची कमान घोडागाडीबरोबर आली. इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट यांनी १८०४ साली लंबवर्तुळाकार कमानीवर टेकलेली गाडी पुढे आणली. आपल्याकडच्या टांग्याच्या कमानी याच कुळातल्या. पुढे मोटारीनेही त्याच उचलल्या.

या कमानीचे गणित वर्गात सहज करून दाखवता येते. करवतीचे जुने पाते टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरा आणि मोकळ्या टोकाला वजन टांगा. मोकळा भाग दुप्पट केला, तर तेच वजन त्याला दुप्पट नव्हे, आठपट वाकवते. दोन पाती नुसती एकावर एक ठेवली, तर वाक निम्मा होतो. दुप्पट जाडीचे एकच पाते घेतले, तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. (वजन फार टांगू नका. पाते सुटले तर डोळ्यांना धोका असतो.)

पाटे अनेक आणि पातळ का असतात, हे यावरून कळते. बाकीच्यांपेक्षा सव्वापट जाड पाटा घातला, तर तो एकटाच जवळजवळ दोन पाट्यांइतका ताठर ठरतो. आमच्या यजमानांच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

कमान किती मऊ आहे हे ओळखायला आणखी एक सोपे माप आहे. उभ्या गाडीच्या वजनाने कमान जेवढी दबते, त्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली डोलेल ते निघते. त्यासाठी गुरुत्वत्वरणाला त्या दाबाने भागायचे, वर्गमूळ घ्यायचे आणि त्याला दोन पायने भागायचे. दाब ५ सेंटिमीटर असेल, तर मिनिटाला सुमारे १३४ डोल होतात. २० सेंटिमीटर असेल, तर ६७ होतात. दुसरा आकडा माणसाच्या संथ चालीच्या जवळचा आहे, तो शरीराला मानवतो. पण २० सेंटिमीटर दबलेल्या कमानीला खड्ड्यात आणखी दबायला आणि उलट बाजूने सैल व्हायला तशीच मोकळी जागा लागते. मऊपणा हवा असेल तर पल्ला द्यावाच लागतो. नुसता पल्ला मोकळा ठेवून कमान कडक केली, तर ती जागा रिकामीच राहते.

मग जुन्या मोटारींच्या पुढच्या कमानी मऊ का नव्हत्या? कारिगरांना गणित येत नव्हते असे नाही. त्यांना भीती होती, आणि ती खरी होती. पुढचे चाक वळायचेही असते. डावे-उजवे चाक एकाच अखंड आसेवर बसवलेले असेल, तर एक चाक उंचवट्यावर चढताच आस तिरकी होते आणि तिच्याबरोबर फिरती चाकेही कलतात. सायकलचे चाक दोन्ही हातांत आडवी आस धरून जोरात फिरवा आणि ती आस कलवून पाहा. चाक भलत्याच दिशेला वळू पाहते. मोटारीतही हेच होते. कमान मऊ असेल तर आस जास्त कलते, चाके डावी-उजवी थरथरू लागतात आणि ठरावीक वेगाला ही थरथर आपोआप वाढत जाते. पुढच्या कमानी आखूड आणि कडक ठेवल्या की हा रोग दबून राहतो. मऊ कमानी मागच्या चाकांच्या वाट्याला येत.

ही घडी विस्कटली ती मॉरिस ऑली या अभियंत्याने. १९३० साली ते रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेतल्या कॅडिलॅककडे आले. त्यांनी एका मोठ्या मोटारीला पुढेमागे सरकवता येणारी वजने लावली आणि कमानी बदलत, वजने हलवत प्रवास केला. निष्कर्ष रूढ समजुतीच्या उलट निघाला. पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा मऊ असतील तरच गाडी सपाट डोलते. कारण उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मागच्याला थोड्या वेळाने. मागचा डोल जरा जलद असेल, तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडीचे पुढे-मागे हेलकावणे थांबते. पण अखंड आस ठेवून पुढच्या कमानी मऊ केल्या की थरथर हजर. शेवटी अखंड आसच काढावी लागली. १९३४ च्या मोटारींत जनरल मोटर्सने दोन्ही पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतील अशी रचना आणली. युरोपात लान्सिया कंपनीने लाम्डा मोटारीत १९२२ सालीच हे केले होते.

जीपचा जन्म यानंतरचा, तरी ती जुन्या वाटेनेच गेली. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर पोचणाऱ्या गाडीचा नमुना ४९ दिवसांत मागितला. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि सप्टेंबरमध्ये नमुना हजर झाला. एवढ्या घाईत बाजारात मिळणारे तयार भाग वापरणे भाग होते. पुढच्या आसेतून चाकांना जोरही पोचवायचा होता, त्यामुळे अखंड आस आणि पाट्यांच्या कमानी हाच सरळ मार्ग होता. पुढे मोठ्या संख्येने बनलेल्या विलीज जीपच्या पुढच्या कमानी सुमारे ३६ इंच आणि मागच्या सुमारे ४२ इंच लांब होत्या. घनाचा नियम लावून पाहा. पाटे सारखेच धरले, तर आखूड कमान दीडपटीहून जास्त ताठर ठरते. त्या गाडीच्या पुढे बसून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना हा हिशेब पटायला अडचण येऊ नये.

हीच जीप १९४७ साली सुट्या भागांच्या रूपाने मुंबईत आली आणि महिंद्रांनी तिची जोडणी सुरू केली. पुढे तिच्या अनेक पिढ्या आपल्याकडे झाल्या, इंजिने बदलली, डिझेल आले. पुढची अखंड आस आणि पाट्याची कमान मात्र बरीच वर्षे टिकून राहिली. गावच्या लोहाराला समजेल, तुटलेला पाटा तालुक्याला बदलून मिळेल, अशी ती गोष्ट होती. हा गुण लहान नव्हे. पांधणीत तुटलेला पाटा दोरीने आवळून गाडी घरी आणता येते.

जीपच्या कमानीत आणखी एक तडजोड दडलेली होती. कमानीचे एक टोक चौकटीला पक्के असते आणि दुसरे शॅकलवर झुलते, कारण दबताना कमान लांबते. जुन्या जीपमध्ये पुढच्या कमानीचे पक्के टोक मागे, म्हणजे चालकाच्या बाजूला, आणि शॅकल सर्वांत पुढे. त्यामुळे उंचवट्यावर चाक वर जाताना मागे सरण्याऐवजी किंचित पुढे, उंचवट्याच्याच अंगावर जाते आणि हादरा वाढतो. मग असे का केले? स्टेअरिंगचा दांडाही मागूनच पुढे येतो. आस आणि दांडा जवळजवळ एकाच बिंदूभोवती कमानीत फिरले, तर चाक वरखाली होताना आपोआप वळत नाही. शॅकल मागे नेले असते, तर हादरा कमी झाला असता, पण खड्ड्यागणिक स्टेअरिंग ओढले गेले असते.

पल्ला वाढला की ही ओढ किती वाढते, तेही पाहण्याजोगे आहे. ६० सेंटिमीटर लांबीचा दांडा एका टोकाभोवती फिरत असेल आणि दुसरे टोक ५ सेंटिमीटर वर गेले, तर ते सुमारे २ मिलिमीटर मागे येते. १५ सेंटिमीटर वर गेले तर सुमारे १९ मिलिमीटर. पल्ला तिप्पट, ओढ नऊपट! आखूड पल्ल्यात खपून जाणारी चूक लांब पल्ल्यात खपत नाही.

अखंड आस ठेवूनही पल्ला वाढवता येतो, हे ठळकपणे दिसले १९७० सालच्या रेंज रोव्हरमध्ये. स्पेन किंग या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती तयार झाली. पाट्याची कमान तीन कामे करते. ती वजन पेलते, आसेला पुढेमागे व आडवे सरकू देत नाही आणि ब्रेक लावताना आसेला येणारा पीळ सोसते. तीच लांब आणि मऊ केली तर पहिले काम सुधारते, पण उरलेली दोन बिघडतात. ब्रेक दाबताच ती नागमोडी वाकते. रेंज रोव्हरमध्ये ही कामे वाटून दिली. वजन गुंडाळीच्या लांब स्प्रिंगवर दिले, पुढेमागे धरायला आणि पीळ सोसायला दोन भक्कम दांडे घातले आणि आडवे धरायला एक वेगळा दांडा ठेवला. लँड रोव्हरच्या कामाच्या गाड्यांत ही रचना १९८३ पासून आली, अमेरिकी जीपमध्ये १९९७ च्या नमुन्यापासून. आपल्याकडे २०१० सालच्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र झाली, पण मागे पाटेच होते. नाशिकला बनणाऱ्या २०२० च्या थारमध्ये चारही चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. वाळवंटातल्या शर्यतींच्या ट्रकांना तर पुढे दोन फुटांच्या आसपास पल्ला देतात, पण तिथे पुढची सगळी रचनाच नव्याने बांधलेली असते.

आता पुन्हा त्या थरथरणाऱ्या जीपकडे येऊ. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो. तो सरळ रेषेत खाली वाढवला तर चाक जमिनीला जिथे टेकते त्याच्या थोडे पुढे पोचतो. म्हणून चाक मागे ओढत सरळ राहते. मोटारीतही पुढच्या चाकांच्या वळणाऱ्या खिळ्याला असाच थोडा कल दिलेला असतो. शॅकल पुढच्या टोकाला असताना ते लांब केले, की कमानीचे पुढचे टोक खाली जाते, आस पुढे झुकते आणि हा कल कमी होतो. ऑलींच्या काळात मऊ कमानीमुळे थरथर येत होती. इथे कमान कडक असूनही ती आली, कारण चाकाला सरळ ठेवणारा कलच गेला होता. वर शॉकअप जुन्याच लांबीचे होते, त्यामुळे उंच झालेल्या गाडीचे चाक खड्ड्यात पूर्ण खालीही उतरू शकत नव्हते. त्यात जाड पाटा. एका दुरुस्तीने तिन्ही बाजू बिघडल्या होत्या, आणि ही गाडी आठवड्याच्या बाजाराला दहा-बारा माणसे घेऊन जात होती.

लोणारला विवराच्या काठावर बसून आम्ही हे सगळे त्यांना काटकीने मातीत काढून दाखवले. त्यांनी जाड पाटा काढायचे आणि जुने शॅकल परत बसवायचे ठरवले. पाट्यांमध्ये धरलेला गंज घासून ग्रीस लावायचे हे त्यांनीच सुचवले, आणि ते बरोबर होते, कारण गंजाने एकमेकांना धरलेले पाटे लहान खड्ड्यात मुळी हलतच नाहीत. झिजलेले बुशही बदलायचे ठरले.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. पांधणीत डोके अजून आपटते, पण पूर्वीइतके नाही. स्टेअरिंग गप्प आहे. आणि हो, रबराच्या ठोकळ्यावरचा चिखल पडला होता.