पत आणि वही

रोकड मोजून माल घेणाऱ्यास बाजारात कोणी नाव विचारीत नाही. उधार मागणाऱ्यास मात्र प्रथम नाव, मग गाव, मग मागील देणे फिटले की नाही, असे तीन प्रश्न विचारले जातात. या प्रश्नांची जी उत्तरे लोकांच्या मनात अथवा वहीत साठून राहतात, त्यांसच पत म्हणतात. पत ही द्रव्याप्रमाणे स्वतःच्या पेटीत ठेवता येत नाही. ती नेहमी दुसऱ्याजवळ असते. म्हणूनच पत कोणास किती, या प्रश्नाइतकाच ती लिहून ठेवणारी वही कोणाच्या हाती आणि ज्याच्या नावे ती लिहिली गेली त्यास ती वाचता येते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या चांदा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनमय जिल्ह्यांचा, गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

इ. स. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले व १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याची जमाबंदी करून १८६९ साली तिचा अहवाल सादर केला. या सुमारास मध्यप्रांतात गावचा वसूल भरणाऱ्या मालगुजारास गावावर मालकीहक्क देण्यात आला. हा हक्क विकता येई, तसाच तो गहाणही टाकता येई. तोपर्यंत कर्ज देणाऱ्याची नजर मुख्यतः पिकाच्या राशीवर असे. आता ती खुद्द जमिनीवर गेली. वैनगंगेच्या पूर्वेकडील अरण्यात अहेरीसारख्या जमीनदाऱ्या होत्या. तेथील गोंड व माडिया लोकांस रानातून पुष्कळ काही मिळे. परंतु मीठ व कापड रानात पिकत नाही. त्यांकरिता आठवड्याचा बाजार व बाजारातील उधारी यांवाचून गत्यंतर नव्हते.

धानाच्या मुलखात कर्ज पुष्कळदा धान्याच्याच रूपाने दिले जाई. पेरणीस घेतलेले बियाणे सुगीस सवाईने अथवा दिढीने फेडावयाचे, अशी रीत होती. सवाईचा हिशेब करून पाहावा. चार खंडी धान नेले तर चार महिन्यांनी पाच खंडी द्यावयाचे. त्या साली पाऊस चुकला तर पाचांवर सवाई चढून दुसऱ्या वर्षी सव्वासहा, आणि पुन्हा चुकला तर तिसऱ्या वर्षी पावणेआठांच्या वर. म्हणजे तीन वर्षांत देणे जवळजवळ दुप्पट! १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला, तेव्हा असे किती हिशेब दुप्पट झाले असतील याची कल्पनाच करावी.

सावकार हा केवळ खलपुरुष होता असे मात्र म्हणता येत नाही. तो अवेळीही दार उघडी. मुलीचे लग्न, बैलाचा मृत्यू, घरातील आजार यांची खबर त्यास असे, आणि सरकारी कचेरीप्रमाणे तो दहा कागद मागत नसे. दोष ओळखीत नव्हता, वहीत होता. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, बेरीजही सावकाराची. ऋणकोचा होता तो केवळ अंगठा. परत केलेले धान जमेस धरले की नाही, हे त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा दंगा झाला. तेव्हा त्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, ते याच कारणास्तव. त्यांचा खरा रोष न वाचता आलेल्या कागदावर होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता जो कायदा झाला, त्याने ऋणकोस पावती व हिशेब मागण्याचा अधिकार दिला. तो कायदा दख्खनपुरता होता. चांद्याच्या रानात तो पोहोचला नाही.

मध्यप्रांतात ही जाग उशिरा आली. आदिवासी मालगुजारांची गावे सावकारांकडे जाऊ लागली, तेव्हा १९१६ साली जमिनीच्या हस्तांतरास आळा घालणारा कायदा करण्यात आला. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले. कर्जाचा आकडा तोच राहिला, पण तो फेडण्यास पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक धान्य विकावे लागू लागले. तेव्हा १९३३ मध्ये कर्जतडजोडीचा कायदा झाला व त्यापाठोपाठ १९३४ मध्ये सावकारी कायदा आला. या दुसऱ्या कायद्याने प्रत्येक ऋणकोचे खाते निराळे ठेवण्याची व दरसाल त्यास वाचता येईल असा हिशेब देण्याची सक्ती सावकारावर केली. वही प्रथमच थोडी उघडली. परंतु ज्यास अक्षरओळखच नाही, त्यास सुवाच्य अक्षराचा तरी काय उपयोग?

दुसरी एक वाट या आधीच निघाली होती. जर्मनीतील रायफायझेन नामक गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात खेडुतांच्या पतसंस्था उभारल्या. एकमेकांस ओळखणाऱ्या शेजाऱ्यांनी एकत्र यावे व एकमेकांस जामीन राहावे, हे त्यांचे तत्त्व होते. त्या धर्तीवर हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दहा माणसे मिळून संस्था स्थापू शकत. येथे तारण म्हणजे जमीन नव्हे, शेजाऱ्याचा विश्वास. आणि वही सभेसमोर ठेवावयाची. कल्पना उत्तम होती. पण मंदीत थकबाकी वाढून कित्येक संस्था बसल्या. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ मध्ये अहवाल दिला. १९५१-५२ साली देशातील शेतकऱ्यांनी जे कर्ज काढले, त्यात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१ इतकाच होता. सावकारांचा वाटा मात्र शेकडा ७० च्या आसपास होता. अर्धशतकाच्या उद्योगाचे हे फळ!

तथापि प्रयत्न थांबला नाही. १९६९ च्या जुलैत १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या. आदिवासींची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७४ चा म्हणून केला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा जिल्हा निराळा झाला. त्याच वर्षी नाबार्ड ही शेती व ग्रामविकासाची बँक अस्तित्वात आली. तिने १९९२ मध्ये बचत गटांस बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली. दहा-वीस बायांनी दरमहा थोडी थोडी शिल्लक टाकावी, आपसांत कर्ज द्यावे, फेडीचा हिशेब बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. आणि तो हिशेब पाहून बँकेने तारणावाचून कर्ज द्यावे. ज्या बाईच्या नावे सातबारा नाही, तिच्या नावे येथे फेडीची नोंद झाली. जमिनीची जागा नोंदीने घेतली. आजच्या पतव्यवहाराचे बीज येथेच आहे.

शहरातील व्यापारात हे बीज आधीच रुजले होते. अमेरिकेत १८३७ च्या आर्थिक संकटानंतर, १८४१ साली, लुई टॅपन या व्यापाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये एक पेढी काढली. कोणता दुकानदार देणे वेळेवर देतो, कोण उधळ्या, कोण दारूबाज, याची टिपणे मोठमोठ्या वह्यांत उतरून ती वर्गणीदारांस दाखविण्याचा तिचा धंदा होता. ज्याच्याविषयी लिहिले, त्यास मात्र ती वही दिसत नसे! सामान्य माणसास आपल्याविषयीची नोंद जाणण्याचा व दुरुस्त करून मागण्याचा हक्क देणारा कायदा अमेरिकेत १९७० साली झाला. म्हणजे १२९ वर्षांनी.

भारतात सिबिल ही पतनोंद ठेवणारी कंपनी २००० साली स्थापन झाली, व २००५ मध्ये अशा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा संमत झाला. बँका आपल्या प्रत्येक ऋणकोची फेड तिला कळवितात. त्यावरून ३०० ते ९०० यांमधील एक आकडा निघतो. तोच पतगुणांक. आज अशा चार कंपन्या आहेत. सावकाराच्या गादीवरील लाल वहीचे हे नवे रूप होय. फरक एवढाच की ही वही एका गावाची नसून अवघ्या देशाची आहे. चंद्रपुरात चुकविलेला हप्ता पुण्याच्या बँकेस दिसतो.

या वहीत ज्याच्या नावे काहीच लिहिलेले नाही, त्याचे पान कोरे असते. आणि कोरे पान म्हणजे चांगले पान नव्हे. ज्याने जन्मात उधार घेतले नाही त्याची पत सर्वांत मोठी, अशी जुन्या पिढीची समजूत. नीतीच्या दृष्टीने ती योग्यच. पण वहीच्या दृष्टीने असा मनुष्य अनोळखी ठरतो. म्हणून तरुण माणसाचे पहिले क्रेडिट कार्ड हे खरेदीचे साधन म्हणून कमी व पान उघडण्याचे निमित्त म्हणून अधिक महत्त्वाचे आहे. ज्यास पगाराचा दाखला नाही, त्यास मुदत ठेव तारण ठेवून असे कार्ड पुष्कळ बँका देतात. रीत साधी आहे. किराणा, वीजबिल असा जो खर्च एरवी होणारच, तेवढाच कार्डावर करावा. मर्यादेच्या एकतृतीयांशापलीकडे सहसा जाऊ नये. आणि बिल आले की मुदतीच्या आत संपूर्ण रक्कम भरावी. अशा फेडीची नोंद महिन्यामागून महिना साठत गेली म्हणजे पत तयार होते. एकाच वेळी चार बँकांकडे अर्ज करण्याने ती वाढत नाही. उलट गरजवंत म्हणून शंका येते.

येथे जुना सवाई-दिढीचा हिशेब पुन्हा आठवावा. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो लहान आकडा छापलेला असतो, तो भरल्याने कार्ड चालू राहते, परंतु उरलेल्या बाकीवर व्याज चढतेच. हे व्याज पुष्कळ कार्डांवर दरमहा शेकडा तीनाहून अधिक असते. ते साडेतीन धरले व बाकी चक्रवाढीने वाढत राहिली, तर १०० रुपयांचे वर्षाअखेर १५१ होतात. हीच ती दिढी! धानाच्या राशीवरून ती काचेच्या पडद्यावर आली एवढेच. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण कार्डासही लागू आहे. कार्डावरील मर्यादा हे अंथरूण नव्हे, स्वतःची मिळकत हे अंथरूण.

शहरातील श्रोत्यांस हा विषय सोयीचा वाटेल. अरण्यातील माणसास तो गरजेचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसास मिळतो, पण विकता येत नाही. तो सावकाराच्या पेटीत जाऊ नये म्हणून हे बंधन योग्यच आहे. परंतु त्यामुळेच, जमीन विकून वसूल करू या भरवशावर त्यास कोणी कर्ज देणार नाही. त्याची पत ती त्याच्या फेडीच्या नोंदीतच. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबू विकून आलेल्या पैशाचा जमाखर्च तेव्हापासून गावाने स्वतः ठेवावयाचा झाला. ज्यांच्या आजोबांनी न वाचलेल्या कागदावर अंगठे उठविले, त्यांचे नातू वहीचे धनी झाले.

आज प्रत्येक नागरिकास दरवर्षी आपला संपूर्ण पतअहवाल प्रत्येक कंपनीकडून एकदा विनामूल्य मागता येतो. त्यात चूक असल्यास तक्रार करता येते, व ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांस जे कागद जाळून मिळवावे लागले, ते आज एका अर्जाने मिळते. पण अहवाल मागविणारे थोडे आणि कर्ज नाकारले गेल्यावर चूक शोधणारेच फार. पहिले कार्ड हाती घेणाऱ्या मुलास अथवा मुलीस घरच्या वडीलधाऱ्यांनी खर्चाची मर्यादा सांगावी, हे तर झालेच; त्याबरोबर वर्षातून एक दिवस ठरवून ते पान तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. अक्षरओळख असून जो आपली वही वाचीत नाही, त्याची सही आणि पूर्वीचा अंगठा यांत अंतर ते काय?