पीकविमा अनुदान सुधारणा (बुलढाणा जिल्हा)

पीकविम्याच्या हप्त्यातील शासकीय वाटा व भरपाईचे निकष यांत महाराष्ट्र शासनाने 2025 च्या खरिपापासून केलेला बदल. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 मध्ये सुरू झाली. 2020 पासून ती कर्जदारांनाही ऐच्छिक झाली. शेतकऱ्याचा कमाल हप्ता विमा रकमेच्या खरिपात 2%, रब्बीत 1.5% व नगदी पिकांना 5% असतो. 2023 च्या खरिपापासून राज्याने शेतकरी हिस्साही उचलला आणि अर्ज एक रुपयात होऊ लागला. 2025 मध्ये ही सवलत संपली.

हप्त्याहून निकषांतील बदल मोठा आहे. पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल हवामान, स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसान हे चार आधार वगळून भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आणली गेली (पहा : पीक कापणी प्रयोग). त्यामुळे मंडळाचे उत्पन्न टिकले, तर पावसात भिजलेली सोयाबीनची सुडी किंवा पैनगंगाकाठी खरडून गेलेले एकट्याचे शेत भरपाईत बसत नाही.

कोरडवाहू अल्पभूधारकाला हप्ता पेरणीच्याच खर्चात, बी-खताबरोबर भरावा लागतो. मोठ्या खातेदाराचा हप्ता क्षेत्रानुसार वाढतो. कापूस उत्पादकाची हप्तामर्यादा सोयाबीनपेक्षा जास्त आहे (पहा : कापूस, सोयाबीन). तोंडी बटईने कसणारा नोंदणीकृत भाडेकराराअभावी एक रुपयाच्या काळातही योजनेबाहेरच होता (पहा : बटई पद्धत). अर्जासाठी शेतकरी ओळख क्रमांक व ई-पीक पाहणी आवश्यक आहे.