एचआयव्ही प्रोटिएज
एचआयव्ही विषाणूचे प्रथिन कापणारे विकर. बाधित पेशीत विषाणूची अनेक प्रथिने एकाच लांब साखळीत तयार होतात. हे विकर ती ठरावीक जागी कापते तेव्हाच नवा विषाणू संसर्गक्षम होतो. या विकराची त्रिमितीय रचना १९८९ मध्ये क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली : प्रत्येकी ९९ ॲमिनो आम्लांच्या दोन समान साखळ्या, मधोमध खाच, तिच्यावर उघडझाप करणाऱ्या दोन झडपा आणि तळाशी प्रत्येक साखळीतील २५ क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल. खाचेत घट्ट बसेल, पण कापला जाणार नाही असा रेणू शोधताना साक्विनाविर हे औषध हाती आले (अमेरिकेत मान्यता १९९५). खाचेतील एखादे ॲमिनो आम्ल बदलले की औषधाची पकड सैल होते. औषधप्रतिकाराचे हे कारण रचनेच्या प्रतिकृतीत डोळ्यांना दिसते.

या विषयातील मोलाचे काम महाराष्ट्रात झाले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील एम. व्ही. होसूर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, कापलेले तुकडे खाचेतच असतानाची रचना प्रसिद्ध केली. दोन ॲस्पार्टिक आम्लांमधील अत्यंत आखूड हायड्रोजन बंध तीत आढळला.

एचआयव्हीवरील मोफत उपचार १ एप्रिल २००४ रोजी महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाले. रुग्णांना एआरटी (एचआयव्हीरोधक औषधोपचार) केंद्रांत प्रथम मिळालेल्या गोळ्या मात्र रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या दुसऱ्या विकराला रोखणाऱ्या होत्या. प्रोटिएजरोधके मुख्यतः त्या निष्प्रभ ठरल्यावर दिली जात.