रसायनोपचार आणि पुरुषबीजाचे रक्षण

रोगी वाचला तरच त्याच्या संततीचा प्रश्न उभा राहतो. 1942 साली अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन व गिलमन यांनी युद्धातील विषारी वायूच्या जातीचे नायट्रोजन मस्टर्ड कर्करोगावर वापरले, तेव्हा काही आठवड्यांचे आयुष्य लाभले तरी पुष्कळ होते. पुढे 1964 पासून बेथेस्डा येथे डेव्हिटा प्रभृतींनी तेच औषध आणखी तीन औषधांच्या जोडीने देऊन हॉजकिनच्या रोगाचे सुमारे निम्मे रोगी बरे केले. ऐन उमेदीतले तरुण घरी परतले. पाळणा मात्र बहुतेकांच्या घरी हलेना. सतत विभागणाऱ्या पेशी मारणे हा या औषधांचा धर्म, आणि पुरुषबीज घडवणाऱ्या पेशीही तशाच!

संप्रेरके देऊन त्या पेशींना तेवढ्यापुरते निजवावे, ही युक्ती उंदरांत साधली, माणसांत फसली. खात्रीची वाट निघाली ती, गंमत पाहा, कोंबड्यापासून. 1949 साली लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरीन घालून त्याचे वीर्य गोठवले; 1953 साली आयोवात बंज व शेर्मन यांनी मानवी वीर्यावर तो प्रयोग सिद्धीस नेला. 1992 साली ब्रुसेल्समध्ये एकच शुक्रजंतू बीजांडात टोचून गर्भधारणा साधली; तेव्हापासून तुटपुंजा साठाही कामी येतो.

मात्र हा साठा औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वीच करावा लागतो. त्या घाईत, वडीलधाऱ्यांसमोर, रोगी हा विषय कसा काढणार? तो डॉक्टरांनीच काढावा, असे आम्हांस वाटते. वयात न आलेल्या मुलांपाशी साठवायला वीर्यच नसते. त्यांच्या वृषणाचा अंश गोठवून ठेवण्याचे प्रयोग अद्याप चालू आहेत.